कांबळे सर पुस्तकं निवडतात

प्रसेनजीत कांबळे सरांना लहान मुलांची भीती वाटायची, ही गोष्ट मंगळवार पेठेतल्या त्या शाळेत कुणालाच माहीत नव्हती. माहीत व्हायचं कारणही नव्हतं. सर आठवी ते दहावीला भूमिती शिकवत, आणि आठवीत येईपर्यंत पोरगं कसं का होईना, माणसात आलेलं असतं. त्याहून बारकं मूल समोर आलं की सर त्याला नाव विचारत, मग यत्ता विचारत, आणि मग दोघंही एकमेकांकडं बघत उभी राहत. बहुतेक वेळा मूलच कंटाळून आधी निघून जाई.

अशा माणसावर एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जूनमध्ये बालविकासाची पुस्तकं निवडायची पाळी आली.

त्याचं असं झालं, की संस्थेचे सेक्रेटरी गणपतराव यांनी शिशुवर्ग काढला. पेठेतली पोरं गळ्यात टाय अडकवून पिवळ्या बसमधनं इंग्रजी शाळेला निघालेली बघून गणपतरावांचं रोज सकाळी चहावरनं मन उडत होतं. त्यांनी दोन खोल्या रंगवून घेतल्या. भिंतीवर एक ससा काढून घेतला. रंगारी जन्मभर तालमीच्या दारावर वाघ काढत आलेला असल्यामुळं सशाच्या मिशा जरा जास्तच भरघोस आल्या आणि पहिल्याच दिवशी सहा पोरं त्या भिंतीकडं पाठ करून बसली. मग गणपतरावांनी चार शिक्षिका नेमल्या. चौघी पदवीधर, चौघी हुशार. एक इतिहासाची, एक हिंदीची, एक अर्थशास्त्राची आणि चौथी कागलची वर्षाराणी, रसायनशास्त्राची. लहान मुलांना शिकवणं सोडा, चौघींपैकी एकीनंही त्यांना एका जागी बसवलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी अडतीस मुलं आली. साडेअकरापर्यंत अडतीसच्या अडतीस रडत होती. पावणेबाराला इतिहासाच्या बाई रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी गणपतरावांनी कांबळे सरांना बोलावून घेतलं.

"सर, तुम्ही वाचणारा माणूस. ह्या पोरींना कायतरी वाचाय द्या की. पोरगं वाढतं कसं, शिकतं कसं, असली चार बरी पुस्तकं निवडा. पाच मिनिटांचं काम हाय."

"पण साहेब, माझा विषय भूमिती."

"मग? पोरं काय जागा व्यापत न्हाईत?"

खरं तर सरांनी तिथंच हात जोडायला हवे होते. पण 'वाचणारा माणूस' हे शब्द त्यांच्या कानात गोड घुमत राहिले. सरांच्या घरात पुस्तकाला मान होता. त्यांचे वडील अण्णासो पंचाहत्तरीतही हात धुऊन, पंचाला पुसून मगच पुस्तक उघडत. छापलेलं आहे म्हणजे कुणीतरी विचार करून लिहिलं असणार, यावर सरांचा तोपर्यंत पूर्ण विश्वास होता.

संध्याकाळी त्यांनी ही बातमी जरा मान ताठ करून घरात सांगितली. त्यांची बायको निशा टेलिफोन खात्यात होती. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून तिचं बोलणं मोजकं झालं होतं.

"तुम्ही? लहान मुलांवरची पुस्तकं?" ती म्हणाली. "अहो, आपला संघर्ष तान्हा असताना तुम्ही त्याला उलटा धरला होता."

"तो एकदाच."

"एकदाच धरला होता."

वरच्या मजल्यावर उदयसिंह पाटील राहत. ते दूध संघात सुपरवायझर होते आणि कुणाच्याही घरात काही ठरत असलं की ते चप्पल न घालता खाली येत. ते आले, बसले आणि म्हणाले, "पोरं वाढवायला पुस्तक कशाला लागतंय, सर? सकाळी तांब्याभर दूध, संध्याकाळी तालीम. आमच्यात कुणी वाचलंय?" मग थोडा विचार करून ते म्हणाले, "तरी पण घ्याच तुम्ही. सरकारी छाप असलेलं घ्या. त्यात कुणाला बोलाय जागा ऱ्हात न्हाय."

सरांनी दोन्ही सल्ले बाजूला ठेवले आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर महाद्वार रोडवरच्या एका पुस्तकाच्या दुकानात गेले. दुकानात गर्दी होती. सरांनी खालच्या आवाजात विचारलं, "लहान मुलांच्या वाढीवर काही आहे का?"

दुकानदारानं वर न बघता विचारलं, "कितवा महिना?"

"जून," सर म्हणाले.

"तसं नव्हं हो. मिसेसना कितवा?"

सर गडबडले. ते 'नाही नाही, माझ्यासाठी नाही' असं म्हणाले, आणि हे वाक्य त्या प्रसंगात माणसानं अजिबात म्हणू नये असं आहे. दुकानदारानं समजुतीनं मान हलवून त्यांच्यापुढं गरोदरपणातल्या आहाराचं एक पुस्तक, तान्ह्या बाळाच्या मालिशचं एक आणि दोन हजार नावांचं एक अशी चळत लावली. त्याच वेळी मागून आवाज आला, "सर, अभिनंदन!" नववी ब मधल्या एका मुलीचे वडील होते. सरांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण त्या गृहस्थांनी त्यांचा हात हातात घेऊन जोरात दाबला आणि "ह्या वयात म्हंजे हिंमत लागती की!" असं म्हणून ते निघून गेले.

त्या हिंमतीची वार्ता दोन दिवसांत शिक्षकांच्या खोलीत पोचली. तिसऱ्या दिवशी ती टेलिफोन खात्यात पोचली, आणि त्या खात्यातनं ती पुढं किती ठिकाणी पोचली असेल याचा हिशेब करायचं धाडस सरांना झालं नाही. निशा घरी आली, तिनं पर्स ठेवली, आणि टेबलावर एक पुडा ठेवला. तिच्या सहकारी बायकांनी डिंकाचे लाडू दिले होते. लाडू उत्तम होते. घरात चार दिवस कुणी कुणाशी बोललं नाही, पण लाडू संपले.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. सरांनी मात्र दुकानाचा नाद सोडून सरकारी मार्ग धरला. मोफत पुस्तिका मिळाव्यात म्हणून त्यांनी एक सविस्तर अर्ज लिहिला. तो घेऊन ते एका कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचून सांगितलं की शाळा आमच्याकडं खरी, पण पहिलीपासनं पुढची. त्याच्या आतलं मूल शिक्षणात येत नाही. ते दुसऱ्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं की मूल आमच्याकडं खरं, पण शाळेत गेलेलं नव्हे. शाळेत गेलं की ते शिक्षणात. सरांनी नम्रपणे विचारलं, "म्हणजे तीन ते सहा वर्षांचं मूल शाळेत असताना नेमकं कुणाचं?"

"आईबापाचं," बाई म्हणाल्या आणि जेवायला गेल्या.

अखेर उदयसिंह मदतीला आले. "माझी वळख हाय. अर्ज द्या माझ्याकडं, टाइप करून." शाळेच्या टंकलेखकानं अर्ज टाइप केला. विषय होता 'बालसंगोपनविषयक पुस्तिका मिळणेबाबत'. मशीनची फीत झिजलेली होती. विषयातली पहिली दोन अक्षरं उमटली नाहीत. राहिलं ते 'संगोपनविषयक पुस्तिका मिळणेबाबत', आणि अर्ज घेऊन जाणारा दूध संघाचा सुपरवायझर. कार्यालयानं दोहोंची सांगड घातली. इतक्या तत्परतेनं झालेलं सरकारी काम सरांनी पुढं आयुष्यात पाहिलं नाही. आठव्या दिवशी शाळेत गठ्ठा आला. चाळीस पुस्तिका होत्या. नाव होतं 'वासरांचे संगोपन: जन्मापासून पहिल्या वेतापर्यंत'.

सरांनी तो गठ्ठा कपाटामागं सरकवला. पण चार दिवसांनी शिशुवर्गावरनं जाताना त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खोलीतनं रडण्याचा आवाज येत नव्हता. म्हणजे थोडा येत होता, पण निवांत. आत डोकावून बघितलं तर वर्षाराणी एका रडणाऱ्या पोराजवळ नुसतीच उभी होती आणि हळू आवाजात त्याला कागलच्या बाजाराची हकीकत सांगत होती. तिच्या टेबलावर ती हिरव्या कव्हरची पुस्तिका उघडी होती.

"मॅडम, हे वासरांचं आहे," सर म्हणाले.

"व्हय सर, माहीत आहे." तिनं पान पुढं केलं. "हे बघा. 'नवे वासरू गोठ्यात आले की पहिले आठ दिवस बिथरते. त्याच्यावर ओरडू नये. ते हंबरत असता त्याच्याजवळ नुसते उभे राहावे व बोलत राहावे. त्यास आपल्या आवाजाची सवय होऊ द्यावी.' करून बघितलं मी. सोमवारी एकवीस रडत होती. आज सात."

"पण मॅडम, याला काही शास्त्रीय..."

"सर, यातलं कळतं तरी."

हे वाक्य सरांच्या वर्मी लागलं. महिनाभर त्यांनी पायपीट केली, अब्रू घालवली, बायकोचा अबोला सोसला, आणि शेवटी उपयोगी काय पडलं तर कपाटामागचा गठ्ठा! माणसाच्या मुलांसाठी माणसानं लिहिलेलं पुस्तक मिळालंच पाहिजे, असं त्यांनी तिथंच ठरवलं. ते एस.टी. पकडून पुण्याला गेले आणि दोन खंडांचा एक ग्रंथ घेऊन आले. मूळ परदेशी ग्रंथाचं ते मराठी रूपांतर होतं. दोन्ही खंड मिळून एवढे जड होते की परतीच्या गाडीत शेजारच्या पावण्यानं "मशीनचा पार्ट हाय काय?" असं विचारलं.

ग्रंथ शिक्षिकांना वाटून वाचायला दिला. आठवड्यानं वर्षाराणी पहिला खंड घेऊन सरांकडं आली. तिनं पेन्सिलीनं खूण केलेलं वाक्य वाचून दाखवलं. "'बालकाच्या अहंकेंद्रिततेचा निषेध न करता तिचे उन्नयन करावे.' सर, काल चौघांनी मिळून पाचव्याला रंगाचं पाणी पाजलं. ह्यातलं उन्नयन कुणाचं करायचं? चौघांचं का पाचव्याचं?"

सरांनी पान दोनदा वाचलं. त्यांनाही कळलं नाही. पण तसं म्हणणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरा खंड ओढला आणि शेवटाकडनं चाळायला सुरुवात केली. आणि तिथं त्यांना तो तक्ता सापडला.

वयानुसार विकासाचा तक्ता. डावीकडं वय, उजवीकडं मुलाला काय काय यायला पाहिजे ते. सरळ रेघा, काटकोनातले चौकोन. महिनाभर अंधारात चाचपडणाऱ्या भूमितीच्या शिक्षकाला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी तक्ता झेरॉक्स केला. मग त्यांना राहवलं नाही. प्रत्येक चौकोनापुढं त्यांनी गुण घातले. एकूण पन्नास. पस्तीसच्या वर 'उत्तम', वीस ते पस्तीस 'मध्यम', वीसच्या खाली 'मंद'. रचना इतकी देखणी झाली की गणपतरावांनी ती बघताच हुकूम सोडला, "सर, हे एक लंबर. शनिवारी प्रगतिपुस्तकात लिहून घरोघर द्या. इंग्रजीवाले असलं कायतरी देत्यात."

चारही शिक्षिकांनी आठवडाभर इमानेइतबारे परीक्षा घेतली. 'काट्याचमच्याने खातो' या चौकोनात एक सोडून सगळ्यांना शून्य मिळालं. 'एकेक पायरीवर एकेक पाय टाकून जिना चढतो' इथं बरीच पोरं अडली. 'बर्फाच्या माणसाचे चित्र ओळखतो' इथं एका पोरानं ठासून सांगितलं, "गणपती हाय. रंगवायचा ऱ्हायलाय." शून्य. 'तीन ठोकळ्यांचा पूल रचतो' इथं एकानं तिन्ही ठोकळे सतरंजीखाली सरकवले. कारण विचारल्यावर म्हणाला, "पूल पाण्यात गेलाय." शून्य. आणि शिवानी नावाच्या चार वर्षांच्या मुलीनं कशालाच उत्तर दिलं नाही. ती शाळेत आल्यापासनं एक अक्षर बोललेली नव्हती. ती भिंतीला टेकून बसे आणि सगळं बघत राही. तिला पन्नासपैकी तीन गुण मिळाले. ते तीनही स्वच्छतेचे होते.

निकाल असा लागला: उत्तम एक, मध्यम सव्वीस, मंद अकरा. उत्तम आलेला मुलगा गणपतरावांचा नातू होता. त्याच्या घरात जिना होता.

सोमवारी सकाळी सर शाळेत आले तेव्हा फाटकाबाहेर पालक उभे होते. फाटकाच्या आतही होते. एक बाई प्रगतिपुस्तक हातात नाचवत विचारत होती, "माझं पोरगं मंद व्हय? घरातला समदा रेडिओ उघडून ठेवलाय त्येनं!" दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "जिना चढत न्हाय म्हंजे? आमच्या घराला जिनाच न्हाय. बांधून देता काय?" गणपती ओळखणाऱ्या पोराची आजी तर मास्तरांनी देवाला शून्य दिलं म्हणून हमसून हमसून रडत होती. गणपतरावांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि मोठ्या मनानं सांगितलं, "हे समदं कांबळे सरांनी केलंय. ते सांगतील."

सर पुढं झाले. तक्ता कसा वाचायचा ते त्यांनी समजावायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यालाच गलका झाला. तेवढ्यात मागनं एक माणूस वाट काढत आला. त्याच्या कपड्यांवर फौंड्रीतली काळी माती होती. रात्रपाळी करून तो थेट आला असावा. तो शिवानीचा बाप, पिराजी. तो ओरडला नाही. त्यामुळं बाकीचे गप्प झाले.

"सर, मला वाचाय येत न्हाय," पिराजी म्हणाला. "शेजाऱ्याकडनं वाचून घेतलं. त्येनं मोठ्यानं वाचलं. समद्या गल्लीला कळलं. दोन दिस झालं, पोरं तिला मंदी म्हणाय लागल्यात."

सरांनी हातातल्या तक्त्याची घडी घातली.

"घरात लई बोलती सर ती. कान किटवती. शाळंत का बोलत न्हाय मला म्हाईत न्हाय. तुम्ही शिकल्याली माणसं, तुम्हास्नी कळंल म्हणून पाठवली की." त्यानं हातातलं प्रगतिपुस्तक पुढं केलं. "काढून नेऊ काय तिला?"

"नाही," सर म्हणाले. त्याहून जास्त त्यांना काही सुचलं नाही. पिराजी थोडा वेळ वाट बघत उभा राहिला आणि मग गेला.

त्या दिवशी दुपारी वर्षाराणीनं राजीनाम्याचा कागद लिहून आणला. "मी जातो सर. मी त्या पोरीच्या पुस्तकात मंद लिहिलं. माझ्या हातानं. लिहिताना वाटत होतं चुकतंय, पण पुस्तकात होतं म्हणून लिहिलं." सरांनी कागद घेतला आणि खिशात ठेवला. गणपतरावांकडं द्यायचं त्यांना धैर्य झालं नाही. तेवढ्यात गणपतरावांचाच निरोप आला, की अकराही पालकांची समजूत सरांनी घालायची आणि शिशुवर्गाची पोरं गळाली तर जबाबदारी सरांची.

घरी येऊन सर भिंतीकडं तोंड करून पडले. उदयसिंह खाली आले आणि त्यांनी दहा मिनिटं सांगितलं की आपण आधीच सरकारी छाप घ्या म्हणालो होतो. आणि सरकारी छापाचं तेवढं यशस्वी झालं, हे त्यांच्याच तोंडून ऐकावं लागलं. निशानं त्यांना हळूच वर पाठवलं. ती सरांच्या शेजारी बसली, पण आज तिनं टोमणा मारला नाही. सरांना तो मारला असता तर बरं वाटलं असतं.

अण्णासो मात्र खुर्चीत बसून दुसरा खंड वाचत होते. सगळा गोंधळ कानावर आल्यापासनं ते तेच करत होते. हात धुऊन, पहिल्या पानापासनं. जेवायच्या वेळेला त्यांनी हाक मारली.

"पश्या, हिकडं ये. हे वाचलंस?"

तक्त्याच्या पानाच्या अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. 'हा तक्ता केवळ ढोबळ मार्गदर्शनासाठी असून स्थळ व संस्कृतीनुसार यात मोठा फरक पडतो. याचा उपयोग मुलांचे मूल्यमापन करण्यासाठी कदापि करू नये.' झेरॉक्स काढताना ती ओळ काचेच्या बाहेर राहिली होती. आणि मूळ पुस्तकात सरांची नजर चौकोनांच्या खाली गेलीच नव्हती.

अण्णासोंनी चष्मा काढला. "मला शाळंत पायरीवर बसवायचे," ते म्हणाले. "भाईर. मास्तर आतनं सगळ्यास्नी इचारायचा. एकदा सायब तपासाय आला, त्येला मास्तर म्हणाला, त्या पायरीवरच्या पोराला कायबी येत न्हाय." त्यांनी चष्म्याची काच पुसली. "मला समदं येत हुतं. इचारलंच न्हाय कुणी."

एवढं बोलून ते जेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर शिशुवर्गात गेले आणि वर्षाराणीला म्हणाले, "मी आत बसू का थोडा वेळ?" बसायला चिमुकल्या खुर्च्या होत्या. एका खुर्चीनं सरांना नकार दिला, दुसरीनं स्वीकारून मग पाय पसरले, आणि सर सतरंजीवर आले. पोरांनी रडायला सुरुवात करायची का नाही याचा विचार केला. सर काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडं बोलायला काही शिल्लकच नव्हतं. ते भिंतीला टेकले. शेजारी शिवानी टेकलेली होती.

पाऊण तास असाच गेला. पोरांना त्यांचा विसर पडला. मग शिवानी सरांकडं वळली. तिनं त्यांना खालपासनं वरपर्यंत बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "तुजं नाव काय?"

वर्षाराणीच्या हातातला खडू पडला.

"प्रसेनजीत," सर म्हणाले.

"ह्यो रंग कंचा?"

"निळा."

"आता एका पायावर उभं ऱ्हा. पाच म्हणोस्तर."

सर उठले. एक पाय उचलला. तीनला त्यांचा गुडघा दगा देऊन गेला आणि ते भिंतीवरच्या सशावर हात टेकवून कसेबसे उभे राहिले. आठवडाभर सदतीस पोरांची परीक्षा त्या मुलीनं भिंतीला टेकून ऐकली होती. तिला सगळे प्रश्न ओळीनं पाठ होते. ती प्रश्न विचारत गेली. काटाचमचा सरांना येत नव्हता, ते त्यांनी कबूल केलं. बुटाची नाडी त्यांना बांधता आली असती, पण ते चप्पल घालून आले होते. शेवटी शिवानीनं वर्षाराणीकडं मान वळवली आणि शांतपणे सांगितलं, "बाई, ह्येला येत न्हाय. लिवा."

वर्षाराणी हसली का रडली ते सरांना कळलं नाही, कारण त्यांना स्वतःचंच कळत नव्हतं. खिशातला राजीनामा काढून त्यांनी तिच्या टेबलावर ठेवला. तिनं तो फाडला आणि पोरांना होड्या करायला दिला.

संध्याकाळी सर पिराजीच्या घरी गेले. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की प्रगतिपुस्तकात लिहिलेलं चुकीचं होतं, आणि चूक मुलीची नव्हती, माझी होती. वर्गात बोलताना त्यांचा आवाज कधी कापला नव्हता. त्या दिवशी कापला. मग ते उरलेल्या दहा घरी गेले. तिसऱ्या घरी चहा मिळाला. सातव्या घरी शिव्या मिळाल्या.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण त्या सकाळी शिवानी प्रश्न विचारत असताना खिडकीतनं कुणीतरी बघत होतं, आणि ते गणपतराव होते. दोन महिने तोंड न उघडलेली पोर कांबळे सरांशी घडाघडा बोलतेय, एवढंच त्यांनी बघितलं. शनिवारी पालकसभेत त्यांनी ते दोन खंड हातात धरून (एकेका हातात एकेक, आणि दोन्ही हात थरथरत होते) सांगितलं, की योग्य पुस्तक निवडलं तर मुकं पोरगंही बोलतं.

"साहेब, पुस्तकानं नाही," सर उभे राहून म्हणाले. "पुस्तकानं तर उलट..."

"बघा, कसला मोठेपणा!" गणपतराव म्हणाले आणि टाळ्या झाल्या. वासरांच्या पुस्तिकेचाही उल्लेख सरांनी केला. लोकांना तो विनोद वाटला.

सोमवारी संस्थेचं पत्र आलं. नेसरी आणि कुरुंदवाडच्या शाखांमध्ये शिशुवर्ग सुरू होत असून तेथील नवीन शिक्षिकांना बालविकासाच्या पुस्तकांविषयी मार्गदर्शन करण्यासाठी श्री. प्र. अ. कांबळे यांची नेमणूक करण्यात येत आहे. सरांनी नकाराचं पत्र लिहिलं. ते टंकलेखकाकडं गेलं. त्याच्या फितीनं नेमका 'नाही' तेवढा खाल्ला.

पुढच्या आठवड्यात सर नेसरीच्या शाळेत एका लांबट खोलीत उभे होते. समोर बाकांवर सहा तरुण शिक्षिका बसल्या होत्या. सहाही जणींच्या पुढं नव्या वह्या, समास आखलेले, वर तारीख घातलेली. पहिल्या बाकावरची म्हणाली, "सर, सुरुवात कुठल्या पुस्तकापासनं करायची?"

गडहिंग्लजच्या रस्त्यावरनं एक बैलगाडी कुरकुरत गेली, तिचा आवाज संपेपर्यंत सर थांबले.

"पुस्तकांचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी मला सांगा, शाळेच्या पहिल्या दिवशी तुमच्यापैकी कोण कोण रडलं होतं?"

कुणी हललं नाही. एकमेकींकडं बघणं झालं. मग मागच्या बाकावर एक हात वर झाला. मग दुसरा. थोड्या वेळानं सहाही हात वर होते, आणि एकीचे डोळे इतक्या वर्षांनी पुन्हा भरून आले होते. कांबळे सरांनी स्वतःचा हात वर केला. या सगळ्या उपद्व्यापात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की आता कुठं आपल्याला काहीतरी सुचलं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात खाली घेतला, प्रश्न सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतला, त्याच्याखाली पट्टीनं रेघ मारली आणि मान वर करून विचारलं,

"सर, हा किती मार्कांना येणार?"